पालथा पाटा

मंगळवार बाजारात हळदीच्या ढिगापुढे माणसं अजूनही वाकून वास घेत. बाकी कुठल्याच मालापुढे आता कुणी वाकत नसे. सोलापुरातल्या प्रत्येक गाड्यावर खडूएवढा ओळख-दिवा दोरीला बांधलेला असायचा. गिऱ्हाइकानं तो उचलून मालावर टेकवायचा. हिरवा ठिपका चमकायचा आणि दिव्यातून बाईचा आवाज यायचा, "मिरची. भेसळ नाही." किंवा, "गूळ. सोडा घातलेला आहे." त्यामुळे बाजारातली भांडणं कमी झाली होती. बोलणंही कमी झालं होतं.

दुर्गव्वा धोत्रेला हा दिवा आवडत नसे, पण दिसला की हातात घेतल्याशिवाय राहवतही नसे. तिनं तो हळदीला टेकवला.

"ओळख पटत नाही," दिवा म्हणाला. "पुन्हा प्रयत्न करा."

"अक्का, हळदीला चालत न्हाई तो," हळदवाला म्हणाला. "नाक लावा."

"मग एवढा शाणा दिवा बांधून ठेवलास कशाला बे?"

"बाकीच्या मालाला की."

"बाकीचा माल खोटा असंल तुझा. हळदच तेवढी खरी दिसतीय, यंत्राला बी सापडंना."

शेजारी उभी असलेली एक मुलगी हसली. मुलगी म्हणजे तिशीची बाई होती. दुर्गव्वाच्या वयाला ती मुलगीच वाटली. तिचं नाव मैथिली चिप्पा. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे.

"दिवा बिघडलेला नाही, आजी," ती म्हणाली. "हळद स्वतःच उजळते. तिच्या उजेडात दिव्याला जे बघायचं असतं ते बुडून जातं. आमच्या शेडमधल्या पाट्यांचंही हेच झालंय. इतक्या वर्षांची हळद मुरलीय त्यांत, की खालचा दगड दिसतच नाही."

"कसले पाटे?"

"मसाला वाटायचे. रेल्वेलाइनीमागची जुनी वस्ती पाडली ना, तिथले. मिक्सर आल्यावर गावानं टाकून दिलेले; कुणी दारात पायरी म्हणून बसवले होते, कुणी गटारीवर झाकण म्हणून. कॉलेजनं गोळा केलेत, संग्रह करायला."

दुर्गव्वानं हळदीची पुडी खाली ठेवली. "पायरीतले पाटे पालथे होते काय?"

"बरेचसे पालथेच होते."

"कुठं हायत आता?"

"बंद गिरणीच्या शेडमध्ये. पण बघायचे असतील तर आजच बघा. सगळे ठेवायला जागा नाही. नेहमीच्या दगडाचे जे आहेत, ते आज दुपारी खडीच्या क्रशरला जाणार आहेत."

दुर्गव्वा हळद तिथंच विसरली.

रेल्वेलाइनीमागच्या त्या वस्तीत तिचं लहानपण गेलं होतं. वस्ती वडारांची. बाप खाणीत जाई, आणि आई, तिमव्वा, शहरात पाट्यांना टाकी लावत फिरे. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर खोबरं नुसतं घसरतं. मग छिन्नी-हातोडीनं त्याला बारीक बारीक खळ्या पाडाव्या लागतात. तीच टाकी. तिमव्वाच्या डोक्यावर अवजारांची पाटी असे, आणि मागं दुर्गव्वा, अनवाणी. तिमव्वा गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ओरडायची, "टाकीऽऽ! पाट्याला वरवंट्याला टाकीऽऽ!" समोरच्या भिंतीवरून आवाज परत येई, आणि कुठल्या तरी दारातून एखादी बाई म्हणे, "थांब गं, आले!" मग अंगणात पाटा यायचा, छिन्नीची टकटक सुरू व्हायची, दगडाची भुकटी उडायची. त्या भुकटीला दगडाचा वास कधीच येत नसे. कुणाच्या पाट्याला लसणीचा वास, कुणाच्या काळ्या तिळाचा. दुर्गव्वा डोळे मिटून सांगायची की हे घर शेंगांची चटणी करतं. कधी बायका हसून तिच्या हातावर चटणी-भाकरी ठेवत.

पुढं मिक्सर आले. आरोळी पुसत पुसत गेली. कुठली आरोळी शेवटची होती ते कुणाच्याच ध्यानात नाही. दुर्गव्वानंही टाकी लावली होती, लग्नानंतर बरीच वर्षं. नंतर छिन्नीनं भिंतीत खिळे ठोकायची वेळ आली.

तिमव्वाचं आणखी एक काम होतं. वस्तीत आणि आजूबाजूला कुणी बाई बाळंत झाली की पाला वाटून द्यायला तिला बोलावणं येई. निर्गुडी, एरंड, शेवगा आणि आणखी कसकसला पाला ती एरंडेलात वाटायची. त्यासाठी घरातला पाटा वेगळा राखलेला होता. त्यावर मिरची नाही, हळद नाही, मीठसुद्धा नाही. "लेकराच्या अंगाला लागायचं हाय," असं ती म्हणे. घरची चटणी शेजारणीच्या पाट्यावर वाटली जायची आणि त्यावरून शेजारीण रोज टोमणे मारायची.

तिमव्वा गेली तेव्हा बापानं तो पाटा उचलून दारात पालथा घातला आणि त्याची पायरी केली. पुन्हा त्यावर कुणी काही वाटू नये, एवढाच त्याचा हेतू. त्या पायरीवर बसून दुर्गव्वानं पोरं खेळवली. वस्ती हलली तेव्हा नवऱ्याच्या हातगाडीवर भांडी होती, गाद्या होत्या, म्हातारा बाप होता. पाटा राहिला. उद्या नेऊ, असं म्हणाले होते.

तिमव्वाचा फोटो नव्हता. रेशनकार्डावर होता, तो कार्डासकट पुरात गेला. दुर्गव्वाला आईचा चेहरा आठवे तो धाकट्या बहिणीच्या चेहऱ्यात मिसळलेला, आणि आता बहीणही नव्हती.

*

शेडमध्ये पाटे तीन ठिकाणी मांडलेले होते. डाव्या भिंतीशी एक ओळ, वर प्रखर पांढरे दिवे सोडलेले. उजवीकडे दुसरी ओळ, गोणपाटानं झाकलेली. आणि दाराशी एकावर एक रचलेला मोठा ढीग.

"आईचा पाटा मी हातानं वळखीन," दुर्गव्वा म्हणाली. "यंत्र न्हाई लागायचं."

ती उजव्या ओळीशी बसली. गोणपाट सारून तिनं पहिल्या पाट्यावरून तळहात फिरवला.

"ह्योच! तीन ठोके आन् मग जरा जागा सोडलेली, हात लावून बघ. आईची टाकी हाय ही. दुसरं कुणी अशी लावत नव्हतं."

मैथिलीनं आनंदानं टाळीच वाजवली. पण दुर्गव्वाचा हात शेजारच्या पाट्यावर गेला होता. तिथंही तीन ठोके आणि जागा. त्याच्या पुढच्यावरही तेच. दुर्गव्वा गुडघ्यांवर सरकत सरकत निम्म्या ओळीपर्यंत गेली आणि थांबली. मग ती हसू लागली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

"काय झालं, आजी?"

"अगं, मी येडी. तिनं सगळ्या गावाच्या पाट्याला टाकी लावली की! सगळ्यांवर तिचाच हात हाय. आन् घरच्या पाट्याला टाकी लावायला तिला कधी सवड नव्हती. तो गुळगुळीतच असायचा. बाप चिडवायचा तिला त्याच्यावरनं."

"मग गुळगुळीत शोधू या."

"गुळगुळीत काय थोडे हायत? झिजून सगळेच होत्यात." तिनं शेडभर नजर फिरवली. "तुझं यंत्र काय म्हणतंय?"

मैथिलीनं बाजारातल्यापेक्षा मोठा, टेबलावर ठेवलेला ओळख-दिवा उचलून दाराशी असलेल्या ढिगातल्या एका पाट्यावर रोखला. पडद्यावर एक रेघ उमटली. रेघेवर सुईसारखे बारीक काटे वर आलेले.

"प्रत्येक पदार्थाचे काटे वेगळे," ती म्हणाली. "हे फेल्डस्पारचे, हे पायरॉक्सीनचे. म्हणजे आपला काळा पाषाण. अडचण ही आहे की सगळे पाटे एकाच खाणीतले. तुमच्या आईचा पाटा आणि सावकाराच्या बायकोचा पाटा, यंत्राला दोन्ही सारखेच."

"म्हणजे ह्याला बी न्हाई कळत."

"दगड कळतो. माणूस नाही कळत." मैथिलीनं तोच दिवा गोणपाटाखालच्या पाट्यावर धरला. पडद्यावर काटे दिसेनात. त्या जागी एक मोठी गोल टेकडी फुगून आली. "हा बघा गोंगाट. ही हळद."

"बाजारात सांगत होतीस तेच. नीट सांग बघू. हळदीला झालंय काय?"

मैथिलीनं थोडा विचार केला. "तुम्ही गल्लीत ओरडायचात ना? ओरडल्यावर काय व्हायचं?"

"काय व्हायचं? समोरची भिंत तेच वरडायची. आन् घरातली बाई म्हणायची, थांब गं, आले."

वर्गात हे शिकवताना मैथिली फळ्यावर बाण आणि पायऱ्या काढत असे. एवढं सोपं तिला कधी सुचलं नव्हतं.

"मग ऐका. समजा, भिंत तुमचाच आवाज परत करते, पण जरासा खालच्या सुरात. तुम्ही चढ्या सुरात ओरडलात तर तिचाही सूर चढा, तुम्ही उतरलात की तीही उतरते. दोन्हींमधला फरक तेवढाच राहतो. तो फरक म्हणजे त्या भिंतीची ओळख. वीट असेल तर एक, दगड असेल तर दुसरा. उजेडाचं असंच आहे. वस्तूवर पडलेल्या उजेडातला कोटीतला एखादा कण आत न शिरता, जागच्या जागी, जरासा रंग बदलून परततो. ह्याला रामन विकिरण म्हणतात. ते काटे त्याचेच."

"आन् बाई?"

"बाई तुमची आरोळी आत घेते. ऐकते. जरा थांबते, आणि मग स्वतःच्या आवाजात बोलते. तुम्ही कुठल्याही सुरात ओरडा, तिचा आवाज तिचाच. हळद तशी. उजेड गिळते, डोळ्याचं पातं लवण्याच्या कितीतरी आधी, पण थांबूनच, आपला पिवळा-हिरवा उजेड बाहेर सोडते. ही प्रतिदीप्ती. आणि ती इतक्या मोठ्यानं बोलते की भिंत ऐकूच येत नाही."

"बाया अशाच असतात," दुर्गव्वा म्हणाली. "मग तू काय करतीस?"

"बाईला थकवते." मैथिलीनं डाव्या ओळीवरच्या पांढऱ्या दिव्यांकडे बोट दाखवलं. "प्रखर उजेडात ठेवलं की हळूहळू तिची चमक विझते. मग भिंत ऐकू येते."

"परत बोलती का ती नंतर?"

"नाही. विझली की विझली."

"आन् एवढं केल्यावर दगड काय म्हणाला?"

मैथिली जरा ओशाळली. "दगड म्हणाला, मी दगड आहे."

डाव्या ओळीतले पाटे दिव्यांखाली स्वच्छ, कोरडे पडलेले होते. त्यांतल्या एकावरून दुर्गव्वानं हात फिरवला. तीन ठोके, आणि जागा.

"त्या गोंगाटालाच विचार की मग," ती म्हणाली. "आईनं पाला वाटला. पाला बोलत असंल का न्हाई काही?"

मैथिली उभीच राहिली. आठवडाभर ती ज्याला घालवत होती, त्याच्याकडे बघायचं तिच्या मनात आलंच नव्हतं. "बोलतो," ती हळूच म्हणाली. "पाला तांबडा बोलतो."

"पाला हिरवा असतोय गं."

"उन्हात हिरवा. निळ्या दिव्याखाली तांबडा. त्यातलं हरितद्रव्य निळा उजेड गिळून लाल सोडतं. हिरवा रंग उडाला तरी त्याचा उरलेला भाग तेलात रुतून दगडाच्या भोकांत राहू शकतो. ऊन लागलं नसेल तर."

"पालथा होता," दुर्गव्वा म्हणाली.

*

त्यांनी पांढरे दिवे बंद केले, खिडक्यांवर ताडपत्र्या ओढल्या. मैथिलीनं दुर्गव्वाला नारिंगी काचांचा चष्मा घातला, म्हणजे डोळ्याला टॉर्चचा निळा उजेड न दिसता फक्त दगडाचा उजेड दिसेल. मग तिनं उजव्या ओळीवरचं गोणपाट ओढून काढलं आणि टॉर्च लावला.

ओळ उजळली.

प्रत्येक खळीत पिवळा-हिरवा ठिपका होता. एका पाट्यावर मधोमध दाट, कडेला विरळ. दुसऱ्यावर वरवंटा फिरला तसा लांबट पट्टा. एकावर पिवळ्यात लालसर झाक होती, कोथिंबिरीच्या घराची असावी. गावातली किती तरी स्वयंपाकघरं अंधारात रांगेनं बसली होती आणि तिमव्वाच्या ठोक्याठोक्यातून बोलत होती.

"अव्वा गं," दुर्गव्वा म्हणाली.

मग मैथिलीनं टॉर्च डाव्या ओळीकडे वळवला, तिच्या स्वतःच्या दिव्यांनी थकवलेल्या पाट्यांकडे. तिथं काहीच दिसलं नाही. तिनं टॉर्च चटकन परत फिरवला.

"तुमच्या आईचा पाटा त्यात असला तर..." ती म्हणाली.

उजवी ओळ शेवटपर्यंत पाहून झाली. निव्वळ तांबडा असा एकही नव्हता. मैथिलीचा चेहरा उतरला. दुर्गव्वा मात्र चष्मा कपाळावर सरकवून दाराशी असलेल्या ढिगाकडे बघत होती.

"ताई, तू थकवायला ठेवलेस ते कंचे पाटे? गोंगाट करत होते ते?"

"हो. ज्यांचे काटे दिसत नव्हते ते."

"आन् ज्यांनी गोंगाट केला न्हाई?"

"ते पहिल्या फटक्यात वाचता आले. नेहमीचा पाषाण म्हणून दाराशी..." मैथिली थांबली. तिच्या दिव्याचा पडदा तांबड्या उजेडाच्या अलीकडेच संपत होता. तांबडं बोलणारा पाटा तिच्या यंत्राला एकदम शांत वाटला असता. साधा. टाकून देण्याजोगा.

"आईनं कधी हळद लागू दिली न्हाई त्याला," दुर्गव्वा म्हणाली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

दोघी दाराशी पोचल्या तेव्हा गाडीवाला बसण्णा आणि त्याचे दोन हमाल ढिगाच्या वरचे पाटे गाडीत फेकत होते. दगडावर दगड आपटत होते.

"हळू बे!" दुर्गव्वा ओरडली. ती जुनी आरोळीच होती; हमाल जागच्या जागी थांबले.

"अक्का, खडीच करायची हाय त्याची," बसण्णा म्हणाला. "हळू टाकून काय करू? मोडायलाच न्यायलोय."

"माझ्या आईचा पाटा हाय त्यात."

बसण्णानं ढिगाकडे पाहिलं, मग गाडीकडे. "कसा दिसतोय?"

"दगडासारखा."

"झालं मग," बसण्णा कमरेवर हात ठेवून म्हणाला. "अक्का, क्रशर बंद व्हायच्या आत पोचायचं हाय मला. सगळेच दगडासारखे दिसतेत की इथं."

"तुझी ताडपत्री दे."

"ती कशाला?"

"दे म्हणते ना. तुझी आई असती तर दिली असतीस का न्हाई?"

बसण्णानं टपावरून ताडपत्री काढली. पुटपुटत काढली, पण हमालांना घेऊन ती धरूनही तोच उभा राहिला. दुर्गव्वानं चष्मा डोळ्यांवर ओढला, आणि ताडपत्रीच्या अंधारात दोघी वाकून टॉर्चनं एकेक पाटा बघू लागल्या. बरेचसे अगदी मुके. काहींवर कडेला एखादा पिवळा ठिपका. ढीग संपला. गाडीतले राहिले होते.

बसण्णा आता स्वतःच गाडीत चढला, ताडपत्री फाळक्यांवर टाकली आणि वाकून पाटे उलटू लागला. "ह्यो? ... ह्यो बघा. ... ह्यो तर फुटला." दोन तुकडे त्यानं टॉर्चच्या उजेडात धरले; पिवळे. दुर्गव्वानं श्वास सोडला.

"आन् ह्यो एक खाली हाय. पालथा पडलाय."

त्यानं तो उताणा केला.

आधी दुर्गव्वाला वाटलं, टॉर्चचाच रंग बदलला. पाट्याच्या पोटातून गडद तांबडा उजेड येत होता. चुलीतल्या राखेखाली निखारा असतो तसा. पिवळा ठिपका एकही नाही.

"थांबा, आजी," मैथिली म्हणाली. सवयीनं ती आधी तपासत होती. "निळ्याची नुसती परतफेड नाही ना, बघू." तिनं टॉर्चचा उजेड निळ्याचा जांभळा केला. लाल हललं नाही. जिथं होतं, जसं होतं, तसंच राहिलं. "भिंत असती तर दिव्याबरोबर सरकली असती. ही भिंत नाही."

"घरातली बाई हाय," दुर्गव्वा म्हणाली.

ती गाडीच्या फाळक्यावर छाती टेकून वाकली. तांबडा उजेड पाट्यावर सगळीकडे सारखा नव्हता. मधे वाटल्याची दाट जागा होती, आणि तिथून डाव्या कडेकडे चार रेघा गेल्या होत्या. जवळजवळ, जराशा वाकलेल्या. वाटलेला पाला गोळा करून कडेला ओढताना बोटांनी पडतात तशा. रोज त्याच जागी, त्याच हातानं.

"डावखुरी होती ती," दुर्गव्वा कुणालाच न सांगता म्हणाली. "सासू शिव्या द्यायची. डाव्या हातानं जेवू नगं म्हणायची. पाला मात्र डाव्यानंच वढायची."

तिनं आपला डावा हात पुढं केला आणि बोटं त्या रेघांवर ठेवली. बसली. रेघा थोड्या पुढं उरल्याही, तिमव्वाची बोटं लांब होती. हे दुर्गव्वा विसरली होती.

बसण्णानं ताडपत्रीखाली आणखी वाकून बघितलं, आणि टोपी काढून पुन्हा घातली.

मग दुर्गव्वाला काहीतरी जाणवलं. तिनं डोळे बारीक केले. "ताई, मघाशी जास्त लाल होतं का?"

मैथिलीनं टॉर्च जरा मागं घेतला.

"होतं का न्हाई?"

"होतं." मैथिली म्हणाली. "हा टॉर्चही उजेडच आहे, आजी. आपण बघतो तेवढा वेळ ती बोलते. आणि बोलते तेवढी थकते."

"बंद कर."

टॉर्च विझला. ताडपत्री बाजूला झाली, दुपारचं ऊन आत शिरायच्या आत दुर्गव्वानं स्वतः पाटा पालथा केला. काळा, खडबडीत, कुठल्याही पायरीसारखा.

"संग्रहात ठेवायचा का?" मैथिलीनं विचारलं. "पण तिथं सगळं वाचून ठेवावं लागतं. लोक येतील, दिवे लावतील."

"न्हाई. घरी नेते. दारात घालते, असाच." ती शेडच्या आत वळून बघत होती. "त्या वळीतल्या बायकांचं काय करणार हायस?"

"थकवणार नाही आता. कुणाला तरी पटवावं लागेल, की गोंगाटही ठेवायची गोष्ट आहे. कसं पटवायचं, माहीत नाही. दाखवल्याशिवाय पटणार नाही, आणि दाखवलं की..."

बसण्णानं पाटा गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला, पोत्यावर, पालथा. "अक्का, तुम्ही बी बसा. क्रशर काय पळून जात न्हाई."

दुर्गव्वा चढली. तिची नात, शर्मिला, येत्या महिन्यात बाळंत होणार होती. तिनं पणजीला कधी बघितलं नव्हतं, तिच्याबद्दल ऐकलं होतं तेही अर्धवट. तिला ह्या चार रेघा दाखवायला हव्या होत्या. एकदाच, क्षणभर. मग तिचं बाळ मोठं झाल्यावर त्यालाही, क्षणभर. दुर्गव्वानं पाट्यावर हात ठेवला. दगड उन्हानं तापायला लागला होता. तिनं पदर ओढून त्यावर पसरला.

"ताई," ती खिडकीतून म्हणाली, "बघितलं की इझती, मला कळलं. पण कुणीच बघितलं न्हाई, तर आत लाल हाय हे कुणाला ठावं असणार गं?"

मैथिली हातातल्या विझलेल्या टॉर्चकडे बघत उभी राहिली. गाडी सुरू झाली.